कराचीला न केलेला फोन

अण्णा, तुम्हाला वाईट बातमी आधी सांगायची सवय होती. परंडा स्टँडच्या त्या केबिनमध्ये बसून तुम्ही तीस वर्षं लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारल्या, आणि गाडी रद्द झाली असली की पहिल्यांदा तेच सांगायचा, कारण मागाहून. मीही तसंच करतो. तुम्हाला जाऊन पाच आठवडे झाले आणि हमीदा आत्याला अजून कळवलेलं नाही.

तुम्ही मागितलं होतं ते एवढंच. दवाखान्यात नाकात नळी असताना माझं मनगट धरून म्हणालात, "दत्ता, म्या गेलो की पयला फोन कराचीला. उचलायच्या आधी. बहिणीला ठावं नसताना भावाला उचलत न्हाईत." मी मान हलवली. तुम्ही म्हणालात, "मान नको हलवू, व्हय म्हण." मी व्हय म्हणालो. आणि तुम्हाला उचललं तेव्हा तुमचा मोबाइल बंद करून मी कपाटात आईच्या साड्यांखाली सारला होता. अश्विनीनं विचारलं, "बाबा, आत्याआजीला लावला का फोन?" मी म्हणालो, लागत नाही. आजोबांच्या पायाशी बसलेल्या पोरीशी मी इतक्या सहज खोटं बोललो की माझं मलाच नवल वाटलं.

आता चिडा. जिवंतपणी तुम्ही कधी धड चिडला नाहीत, त्याचाच मला जास्त राग यायचा.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहून काढतो, कारण अश्विनीला पुढे कधीतरी हे वाचावंसं वाटेल आणि तेव्हा सांगायला मीही नसेन. तुम्ही जन्मलात आणि तुमच्या आईला ताप भरला. तिचं दूध गेलं. शेजारच्या मणेराच्या घरात, बांगड्या भरणाऱ्या चाचीचं तान्हं मूल आठच दिवसांपूर्वी गेलेलं होतं. तिनं तुम्हाला उचलून पदराखाली घेतलं आणि वर्षभर पाजलं. तीन वर्षांनी त्या चाचीला हमीदा झाली. त्यांच्यात एका आईचं दूध प्यालेले ते सख्खे बहीणभाऊ, त्यांचं आपसात लग्नही होत नाही, आणि भावापुढे बहिणीला पडदा नाही. आपल्यात दूधभाऊ म्हणतात आणि भाऊबीजेला ताटाशी बसवतात. दोन्ही घरांचे कायदे असे जुळले. तुम्हाला दुसरी बहीण नव्हती, तिला दुसरा भाऊ नव्हता.

पुढे तिच्या मामांनी तिला कराचीत आपल्या मुलासाठी मागितलं. ते लोक निजामाचं राज्य गेल्यावर तिकडे गेलेले. तिची ट्रंक डोक्यावर घेऊन तुम्ही तिला कुर्डुवाडीपर्यंत पोचवलंत आणि रेल्वेत बसवून दिलंत. नंतर चाचा गेले, चाची गेली, घर विकलं गेलं, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. परंड्यात तिचं माहेर म्हणजे तुम्ही एकटे उरलात.

मी चौथीत असताना ती एकदाच येऊन गेली. तिकडून आलेल्या माणसाला पोलिसांकडे नोंद करावी लागते, म्हणून तुम्ही आम्हा दोघांना घेऊन उस्मानाबादला गेलात. तिथल्या कारकुनानं विचारलं, "नातं?" तुम्ही म्हणालात, "बहीण." त्यानं तिचं नाव वाचलं, तुमचं वाचलं आणि तुमच्याकडे बघत बसला. "लिवा की," तुम्ही म्हणालात, "शाई संपली का?" आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. परतीच्या गाडीत मी तिच्या मांडीवर झोपलो. जाताना तिनं बाकी काही नेलं नाही, पायली दोन पायली ज्वारी नेली, तिकडे मनासारखी मिळत नाही म्हणून. हे मला सगळं आठवतं. मला ती आवडायची हेही लिहून ठेवतो, कारण पुढची पंचवीस वर्षं मी तसं दाखवलं नाही.

मग माझ्या नोकरीचा कागद आला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला होता आणि संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून माझी निवड झाली होती. अख्ख्या तालुक्यात असं कोणाचं झालं नव्हतं. तुम्ही स्टँडवर पेढे वाटलेत, ड्रायव्हर-कंडक्टरांनाच काय, फलाटावरच्या पॅसेंजरांनाही. नेमणुकीआधी माहितीचा एक लांबलचक कागद भरायचा होता. सात पिढ्यांचं विचारतात तसं त्यात सगळं होतं, आणि मधेच एक रकाना: परदेशात राहणारे जवळचे नातेवाईक. मी हॉस्टेलवर होतो. खोलीतला मित्र म्हणाला, "कराची लिहिलंस की फाइल वर्षभर कुठंतरी पडून राहील. आणि मानलेली आत्या म्हणजे काय नातेवाईक आहे का?" मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. मी लिहिलं, नाही.

महिन्याभरानं चौकशीला हवालदार आला, तो घरी न येता सरळ तुमच्या केबिनमध्ये. त्या दिवशी संध्याकाळी भाकरी चुरता चुरता तुम्ही आम्हाला सांगितलंत, अगदी कौतुकानं. "भला माणूस व्हता. म्हनला, अण्णा, पोरानं कागदावर परदेशात कुणी न्हाय लिवलंय, आन तुम्ही बहीण हाय म्हंता. मानलेली असंल तर सोडून देऊ का? पोराची नोकरी हाय. म्या म्हनलं, मानलेली कशी? एका आईचं दूध प्यालोय. सख्खी लिवा."

आईच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. मी म्हणालो, "अण्णा, तो सोडून देत होता." तुम्ही म्हणालात, "त्यो देत व्हता. पर म्या कसं सोडू?"

सख्खी लिवा. त्या दोन शब्दांवर मी पंचवीस वर्षं चरफडत राहिलो. नुसतं बहीण म्हणाला असतात तरी चाललं असतं. दूधबहीण म्हणाला असतात तर कायद्यानं माझं 'नाही' खरं ठरलं असतं. पण तुमचं रजिस्टरच तसलं. गाडी सात मिनिटं लेट आली तर सातच लिहायची, पाच नाही आणि दहा नाही. कंडक्टर गयावया करायचे, तुम्ही त्यांना चहा पाजायचा आणि सातच लिहायचा. त्या बिचाऱ्यांचा मेमो निघायचा, माझी नोकरीच गेली.

नकाराच्या पत्रात कराचीचं नावसुद्धा नव्हतं. जवळच्या नातेवाइकाची माहिती दडवल्याबद्दल उमेदवारी रद्द, एवढंच. बहीण तिकडे आहे हा गुन्हा नव्हताच, ते लिहिलं नाही हा गुन्हा. मग तुम्हाला तोंड फुटलं. "तू लिवलं असतंस तर नुसती चौकशी झाली असती." आणि मी, "तुम्ही गप्प बसला असता तर तीही झाली नसती." अण्णा, हे भांडण आपण किती वेळा भांडलो असू? शब्दसुद्धा बदलले नाहीत. आई म्हणायची, रेकॉर्ड लावली बापलेकानं. तुमचं म्हणणं, खोट्या कागदाखाली तू सही केलीस, ती मी माझ्या तोंडानं कशी करू. माझं म्हणणं, बाप म्हणून एकदा केली असतीत तर काय बिघडलं असतं. दोघांनाही दुसऱ्याचं बरोबर आहे हे माहीत होतं, आणि म्हणूनच कोणी मागे सरलं नाही.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते तुमच्याशिवाय दुसरं कोणी केलं नसतं. मला न सांगता रजा काढलीत आणि प्रयोगशाळेच्या कार्यालयात जाऊन बसलात. जाताना आत्याची सगळी पत्रं घेऊन गेलात, पायजम्याच्या नाडीनं बांधलेला गठ्ठा. ती इथे मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून पत्रं मराठीत. तुमच्या हिशेबानं तो निर्दोषपणाचा पुरावा होता. साहेबाच्या टेबलावर गठ्ठा सोडून तुम्ही म्हणालात, "वाचून बघा साहेब. लोणच्यापापडाबिगर यात काय बी न्हाय." साहेबाच्या नजरेला काय दिसलं असेल याचा विचार तुमच्या मनाला शिवलासुद्धा नाही. उमेदवाराचा बाप वीस वर्षं कराचीशी पत्रव्यवहार करतोय, आणि स्वतःच्या हातानं आणून देतोय. त्यांनी गठ्ठा ठेवून घेतला, पोच दिली नाही आणि फाइल कायमची बंद केली.

तुम्ही रिकाम्या हातानं परत आलात. मी काय म्हणालो होतो ते तुम्हाला आठवत असणारच. मी म्हणालो, "बरं झालं. गेली एकदाची."

त्यानंतर कित्येक वर्षं सकाळी दाढी करताना आरशासमोर तुम्ही पुटपुटायचा, "भाऊस साष्टांग सलाम. इकडं सर्व खुशाल. यंदा कैरी महाग झाली." मला वाटायचं म्हातारपण आलं. आईनं एकदा सांगितलं की ती पत्रं आहेत, तुम्ही ती म्हणून पाठ ठेवताय, विसरू नयेत यासाठी. माझ्या नोकरीसाठी तुम्ही तुमच्याकडचं सगळ्यात मोलाचं नेऊन ठेवलंत आणि ते गेलं, हे मला तेव्हा कळत होतं. एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी आयटीआयला निदेशक झालो. जिथे क्षेपणास्त्राच्या सर्किटांना हात लागायला हवा होता, तिथे टेबलफॅनची वाइंडिंग शिकवत बसलो. प्रत्येक जळक्या मोटारीमागे मला तुमचा चेहरा दिसायचा, आणि असा माणूस सॉरी म्हणत नाही.

मोबाइल आल्यावर पत्रांची गरज संपली. तिच्या नातवानं तिला व्हॉट्सॲप लावून दिलं, अश्विनीनं तुम्हाला. दर जुम्म्याला तिचा निरोप यायचा, आवाजातला. दर भाऊबीजेला ती व्हिडिओ कॉलवर ताट ओवाळायची. तुम्ही टोपी घालून, कपाळाला कुंकू लावून मोबाइलपुढे पाटावर बसायचा. मी त्या वेळी गच्चीवर टाकी धुवायला जायचो. भाऊबीजेला आमची टाकी इतकी स्वच्छ का असते, असं बायको विचारायची.

आणि या श्रावणात अश्विनीचा कागद आला. तुमच्या नातीची निवड झाली, तसल्याच एका प्रयोगशाळेत, पण तंत्रज्ञ म्हणून नाही, शास्त्रज्ञ म्हणून. कागद आता कॉम्प्युटरवर भरायचा, रकाना मात्र तोच. अश्विनी म्हणाली, "आत्याआजीला लिहू?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे. मी म्हणालो, "आजोबांना सख्खी बहीण कोणी नाही. कागद रक्ताचं विचारतो." ती तुमच्याकडे वळली. मला वाटलं, आता तुम्ही म्हणणार, लिव. तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत बसलात आणि म्हणालात, "तुझा बाप सांगतो तसं कर."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एकट्याला गाठलंत. "चौकशीला कुणी आलं तर म्या तामलवाडीला जाऊन राहतो, तुझ्या आईच्या माहेरी. खोटं बोलणार न्हाय दत्ता. पर घरात बी राहणार न्हाय." सत्तरी ओलांडलेल्या माणसानं नातीसाठी घर सोडून लपायची तयारी केली, आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मग हे माझ्या वेळी का नाही सुचलं?

तुम्ही शब्दाचे पक्के. घरात राहिला नाहीत. पंधरा दिवसांत छातीत कळ आली आणि तामलवाडीच्याही पुढे निघून गेलात.

तुमच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पोलीस आला. तरणा पोरगा होता, मोटारसायकलवरून आलेला. चपला बाहेर काढून आत आला आणि तुमच्या फोटोला हात जोडले. "हे स्टँडवरले अण्णा ना? आमी शाळेला जाताना गाडी थांबवून ठेवायचे." मी चहा सांगितला. त्यानं अश्विनीचं वय, शाळा, कॉलेज सगळं विचारलं. परदेशात कोणी? मी म्हणालो, नाही. त्यानं मोबाइलवर काहीतरी चाळलं.

"सर, एक जुनी नोंद हाय. तुमच्या टायमाची. कराचीला तुमची आत्या."

तुमच्या त्या 'सख्खी लिवा'ची शाई पंचवीस वर्षांनी सुद्धा ओलीच होती. दाराआड अश्विनी उभी आहे हे मला कळत होतं. आत बायकोनं पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला खरं सांगता आलं असतं. लिहिलं असतं तर नुसती चौकशी होते, हे तुम्हीच मला शंभरदा ऐकवलं होतं. पण आम्ही आधीच 'नाही' लिहून बसलो होतो, आणि ते लिहायला लावणारा मीच. मी तुमच्या फोटोकडे न बघता म्हणालो,

"ती वारली."

"कधी?"

"झाली की बरीच वर्षं. अण्णांची मानलेली होती, तसा काही संबंध नव्हता."

त्यानं लिहून घेतलं. चहा प्याला, पुन्हा तुम्हाला हात जोडले आणि गेला. सगळं मिळून पाव तासात झालं. इतकं सोपं होतं, अण्णा. तुमच्या जागी त्या दिवशी केबिनमध्ये मी असतो तर माझी नोकरी वाचली असती, हे मला आता सिद्ध करून मिळालं. आनंद व्हायला हवा होता.

अश्विनी दारातून आत आली. तुमच्या फोटोचा वाकडा झालेला हार सरळ केला आणि आत गेली. दसऱ्यानंतर तिचं पत्र आलं, पडताळणी समाधानकारक. तिनं ते मला वाचायला दिलं, पायाही पडली. जाताना मात्र एवढंच म्हणाली, "बाबा, आता आत्याआजीला सांगायचं म्हटलं तरी सांगता येणार नाही ना? मेलेल्या माणसाला कसं कळवणार?" हसून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

मी ठरवून टाकलं होतं की फोन कधी चालूच करायचा नाही. तीही म्हातारी, आज ना उद्या तिकडचं दार आपोआप बंद होईल. इतका खालच्या पातळीचा विचार मी केला, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण गॅसचा नंबर तुमच्याच मोबाइलवर लावलेला. तुळजापूरच्या पौर्णिमेला घरात पाहुणे, आणि सकाळी सिलेंडर संपलं. बायकोनं कपाटातून मोबाइल काढून चार्जिंगला लावला. चालू झाल्याबरोबर पाच जुम्म्यांचे पाच निरोप लागोपाठ येऊन पडले. मी ते ऐकत नव्हतो, बुकिंग करत होतो. तेवढ्यात तिचाच फोन आला. तुमचा फोन चालू झाल्याचं तिला दिसलं असणार. बोट कुठे लागलं कळलं नाही, फोन उचलला गेला.

"भाऊ? कुठं हाईस रं? पाच जुम्मे झाले."

अण्णा, ती अजून आपल्यासारखंच बोलते. आपल्यापेक्षाही आपल्यासारखं. परंड्यात आता असं बोलणारी माणसं उरली नाहीत, ती बोली कराचीत जाऊन राहिली आहे.

मी म्हणालो, "आत्या, मी दत्ता."

"दत्तू व्हय? या अल्ला, किती जाड झाला आवाज. माज्या मांडीवर झोपला व्हतास, ध्यान हाय का? भाऊ कुठं हाय?"

सांगायला तीन शब्द लागले असते. ते सांगितले की ती रडणार, मग तिचा नातू फोन करणार, मग पुतणे, सुना, सांत्वनाचे फोन, कराचीचे नंबर, अश्विनीच्या नेमणुकीच्या पहिल्याच महिन्यात. हा सगळा हिशेब डोक्यात व्हायला एक श्वास पुरला. तुमच्या पोटी जन्मलो, पण ते वर्षभराचं दूध काही माझ्यापर्यंत पोचलं नाही.

"झोपलेत," मी म्हणालो.

"ह्या टायमाला? बरं हाय ना?"

"औषध दिलंय. बरे आहेत."

"मग उठवू नको. निजू दे. मला वंगाळ सपान पडलं व्हतं दत्तू. दोन रोज जेवले न्हाय. आता जेवते."

महिन्याभरात मी दोनदा खोटं बोललो. पोलिसाला सांगितलं की ती मेली, आणि तिला सांगितलं की तुम्ही जिवंत आहात. दोघांनीही माझ्यावर विश्वास ठेवला.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "भाऊबीजंला म्या लावते. तवा त्याला उठवून पाटावर बसवून ठीव. टोपी घालायला सांग, इसरतो त्यो."

भाऊबीज अठरा दिवसांवर आहे, अण्णा. तुमची टोपी खुंटीलाच आहे.